कोऱ्या कागदाची फुले

मार्गशीर्षाच्या थंडीत माळव्यातल्या घरांच्या ओसऱ्यांवर, जिन्यांच्या पायऱ्यांवर आणि आता सदनिकांच्या गॅलऱ्यांतही शेवंतीच्या कुंड्या फुलून येतात. शेजारीपाजारी तिला गुलदाउदी म्हणतात. आपल्या घरांत मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या शेवंतीच राहिली आहे. पिवळी, तांबूस, जांभळट असे तिचे अनेक प्रकार असले, तरी माझ्या सासूबाईंची खरी माया पांढऱ्या शेवंतीवर. फुले संपली की झाड खाली छाटायचे, बुंध्याशी फुटलेल्या काश्या अलगद सोडवायच्या आणि नव्या मातीत लावायच्या, असे करीत त्यांनी एकाच झाडाचा वंश आमच्या इंदूरच्या घरी चाळीस वर्षे राखला. कुंड्या फुटल्या, घर बदलले, शेवंती तीच राहिली.

ह्या शेवंतीचे जलरंगात चित्र काढायचे, असे मी काही वर्षांपूर्वी मनावर घेतले आणि पहिल्याच दिवशी अडले. पांढरे फूल पांढऱ्या कागदावर काढावयाचे, ते कोणत्या रंगाने? शाळेत शिकलेले आठवून मी एकेक पाकळी पेन्सिलीने आखली, तिला करड्या रंगाची बारीक कड दिली आणि आत पांढऱ्या रंगाची नळी पिळून ती भरून काढली. सर्वांत शेवटी मागे आकाशी रंगाचा पडदा ओढला. पंधरा दिवस खपून केलेले ते चित्र मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंच्या हाती दिले. त्यांनी ते खिडकीशी नेले, जवळ धरले, दूर धरले आणि म्हणाल्या, “छान आहे गं. कसली फुले ही?”

क्षणभर मन खट्टू झाले. नंतर ध्यानात आले, की प्रश्न अगदी खरा होता. त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पूर्वीच झाली होती. परंतु पुढे डोळ्यांच्या पडद्याचा विकार जडला आणि नजरेच्या मध्यभागी धुके धरले. वर्तमानपत्राची ओळ त्यांना दिसत नाही. दारात कोणी उभे आहे हे कळते, ते कोण हे आवाजावरून ओळखावे लागते. माझ्या चित्रात जे काही होते, ते सारे त्या बारीक कडांत होते, आणि त्या कडा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हत्या. ज्यांनी ही शेवंती वाढविली, त्यांना ती ओळखू येईल असे चित्र आपल्याला काढता येईल का, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला. त्याचे उत्तर शोधताना जलरंगाचे जे थोडेबहुत मर्म हाती लागले, तेच येथे सांगावयाचे आहे.

पांढरा रंग पेटीत नसतो

जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य आणि ते कागदाला धरून ठेवणारा बाभळीच्या जातीचा डिंक. पाण्यात पातळ केलेला हा रंग पारदर्शक राहतो. उजेड त्याच्यातून आरपार जातो, खालच्या कागदावर आपटतो आणि पुन्हा रंगातूनच आपल्या डोळ्यांकडे परततो. म्हणूनच चांगले जलरंगचित्र आतून उजळल्यासारखे दिसते. तेथील सारा प्रकाश कागदाचा असतो. रंग केवळ तो कमीजास्त अडवितो. मग जेथे सर्वांत अधिक प्रकाश हवा, तेथे काय लावायचे? काहीच नाही. कागद कोरा सोडायचा.

पांढरा जलरंग मिळत नाही असे नाही. लंडनच्या विन्सर अँड न्यूटन ह्या रंगविक्रेत्यांनी १८३४ साली जस्तापासून केलेला दाट पांढरा रंग ‘चायनीज व्हाइट’ ह्या नावाने बाजारात आणला, आणि तेव्हापासून तो वापरणारे व न वापरणारे असे चित्रकारांचे दोन पंथच झाले. तो वापरणे हे काही पाप नव्हे. परंतु तो अपारदर्शक असल्यामुळे खालचा कागद झाकतो, आणि पारदर्शक रंगांच्या शेजारी चुन्याच्या ठिपक्यासारखा निर्जीव दिसतो. माझ्या पहिल्या चित्रातली फुले अशीच चुन्याची झाली होती.

ह्या पंथातील सोडण्याची कला पाहावयाची, तर इंग्रज चित्रकार जॉन सेल कॉटमन ह्याने १८०५ च्या सुमारास काढलेले ग्रेटा नदीवरील पुलाचे चित्र पाहावे. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पुलाची कमान, नदीतले धोंडे, मागची झाडी हे सारे रंगाच्या सपाट, शांत तुकड्यांनी एकमेकांशेजारी मांडलेले आहे. धोंड्याचा आकार शेजारच्या गडद पाण्याने ठरतो, पुलाचा आकार मागच्या झाडीने. एक तुकडा जेथे संपतो, तेथेच दुसऱ्या वस्तूची कड जन्मते.

आपल्याकडेही जलरंगाची परंपरा काही लहान नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, आणि म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र काढणारे सावळाराम हळदणकर ही नावे प्रसिद्ध आहेत. ते दिव्याचे चित्र जलरंगातले आहे, हे सांगितल्यावरही पाहणाऱ्याला खरे वाटत नाही. आम्हा इंदूरकरांना तर वेगळाच अभिमान आहे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली येथे कलाशाळा सुरू केली, आणि १९१० साली येथेच जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे तिच्यातून पुढे आले. बेंद्रे यांनी १९५० पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकविली, तेव्हा बडोदेकर वाचकांचाही त्यांच्यावर तेवढाच हक्क आहे. ह्याच शहरात विष्णू चिंचाळकर गुरुजी वाळक्या पानांतून, मोडक्या वस्तूंतून, चिंध्यांतून चेहरे आणि आकृती शोधून दाखवीत. आपण ज्याकडे टाकाऊ म्हणून पाहत नाही, तेथेही आकार असतो, हे त्यांनी कितीतरी मुलांना शिकविले. वस्तूंमधल्या रिकाम्या जागेचेही तसेच आहे.

भोवतालचा अवकाश

ह्या रिकाम्या जागेला इंग्रजीत ‘निगेटिव्ह स्पेस’ म्हणतात. आपण तिला भोवतालचा अवकाश म्हणू. फूल न रंगविता फुलाभोवतीचा अवकाश रंगवायचा आणि फूल आपोआप उमटू द्यायचे, एवढेच हे तंत्र. ऐकावयास सोपे, पण हात लवकर वळत नाही. कारण आपली नजर जन्मभर वस्तूंची नावे घेत आलेली असते. ‘पान’ म्हटले की हात पान काढू लागतो. दोन पानांमधल्या तिकोनी फटीला नाव नसते, म्हणून ती दिसतच नाही.

खरे तर ही युक्ती आपल्या आसपास फार जुनी आहे. उज्जैनजवळच्या भेरूगढची बाटिकची कापडे अनेकांनी पाहिली असतील. तेथील कारागीर जेथे रंग नको तेथे आधी मेण लावतो, मग कापड रंगात बुडवितो. मेणाखालचे कापड मूळ रंगाचेच राहते आणि तीच नक्षी होते. बांधणीचेही तेच. चिमटीत धरून दोऱ्याने बांधलेला कण रंगापासून वाचतो, आणि तो वाचलेला कण म्हणजेच ठिपका. साडी नेसताना आपण त्या ठिपक्यांना ‘काढलेले’ समजतो. कारागिराने ते सोडलेले असतात. जलरंगात मेणही नाही, दोराही नाही. काय सोडायचे, हे कुंचला टेकविण्यापूर्वी मनाशी ठरलेले असावे लागते.

नजर वळविण्यासाठी एक अभ्यास सांगते. एका जुन्या पुठ्ठ्यात पोस्टकार्डाएवढी चौकट कापावी. त्या चौकटीतून कुंडीकडे पाहावे आणि कागदावर झाड न काढता केवळ फटी काढाव्यात: देठ आणि कुंडीचा काठ ह्यांतली, दोन फुलांमधली, पानाच्या दातऱ्यांमधली, चौकटीच्या कडेला तुटलेली. प्रत्येक फट हा एक स्वतंत्र आकार आहे असे समजून ती गडद भरावी. दहा-बारा फटी भरून झाल्या, की मधे कोणीही न काढलेले झाड उभे राहिलेले दिसते. लहान मुलांना ह्यात फार मौज वाटते. मोठ्यांना थोडा राग येतो. तीन-चार दिवस हा अभ्यास केल्यावाचून रंगपेटी उघडू नये.

दुसरा अभ्यास डोळे अर्धे मिटून पाहण्याचा. पापण्या खाली आणल्या की बारकावे पुसले जातात, आणि उजेड व अंधार ह्यांचे मोठे तुकडे तेवढे उरतात. चित्रकार हे मुद्दाम करतात. मी असे पाहू लागले, तेव्हा माझ्या मनात आले, की सासूबाईंना जग थोडेबहुत असेच दिसत असावे. मग चित्र त्या तुकड्यांनीच का बांधू नये?

साहित्य थोडे, पण नेमके

ह्या कामी सर्वांत अधिक खर्च करावा तो कागदावर. साधा ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो, त्यावर रंग साचतो आणि दुसरा हात देताच खालचा रंग सुटतो. दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, शक्य तर निव्वळ कापसाच्या तंतूंचा, किंचित खरबरीत पृष्ठाचा कागद घ्यावा. पूर्ण ताव २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याचे चार भाग केले म्हणजे ११ बाय १५ इंचांचे चार कागद मिळतात, आणि आरंभी हे माप पुरेसे होते. कागद महाग वाटतो खरा. पण हलक्या कागदावर आलेले अपयश आपण आपल्या हाताच्या माथी मारतो आणि चित्र काढणेच सोडून देतो, ते त्याहून महाग पडते.

कुंचले दोनच पुरेत: टोक नीट जुळणारा गोल १२ क्रमांकाचा एक आणि ६ क्रमांकाचा एक. मोठ्या कुंचल्याने जितके अधिक काम होईल तितके चित्र मोकळे राहते. रंग चार: लेमन यलो, अल्ट्रामरीन ब्ल्यू, बर्न्ट सायना आणि एक गुलाबी. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना एकत्र केले की पाण्याच्या प्रमाणानुसार मोत्यासारख्या करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सर्व छटा मिळतात. निळा अधिक घातला तर थंड, तांबूस अधिक घातला तर उबदार. काळ्या रंगाची वडी लागतच नाही. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो. त्यात चिमूटभर बर्न्ट सायना घातला की बाजारी हिरव्याचा भडकपणा जाऊन शेवंतीच्या पानाचा मळकट हिरवा मिळतो. गुलाबी निवडताना अस्सल अलिझरीन क्रिमसन टाळावा, कारण तो उजेडाने विटतो.

पाण्याची दोन भांडी, एक कुंचला धुण्यास व एक स्वच्छ पाण्यासाठी. जुन्या सुती साडीचा तुकडा. आणि कागद चिकटविण्यासाठी एक फळी. फळीच्या वरच्या बाजूखाली एखादे जाड पुस्तक ठेवून तिला थोडा उतार द्यावा, म्हणजे रंग एका दिशेने वाहतो.

कुंडी अशी मांडावी

पांढरे फूल दिसावयाचे तर त्याच्या मागे अंधार हवा. कुंडी गॅलरीत उघड्या आकाशासमोर ठेवली, तर फूलच आकाशापेक्षा काळे दिसते. मी ती सकाळी नवाच्या सुमारास मागच्या दाराशी, जुन्या गडद हिरव्या फळीपुढे ठेवते. उजेड डावीकडून येतो. फुलांचा डावा अर्ध चमकतो, उजवा सावलीत जातो. कुंडीची सावली फरशीवर पडते आणि तिला बैठक देते.

पेन्सिलीच्या रेघा अगदी थोड्या काढाव्यात. फुलांच्या झुबक्याची बाहेरची कड, कुंडीच्या तोंडाची लंबगोल रेघ, दोन उभ्या बाजू, एवढेच. पाकळ्या मोजू नयेत. एक फूल समोरून, एक बाजूने, एक पाठमोरे, एक अर्धवट कळी अशी निवड करावी. सारी फुले आपल्याकडे तोंड करून उभी राहिली, की शाळेतल्या समूहचित्रासारखे दिसू लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्या एका फुलावर सर्वांत अधिक उजेड ठेवायचा, ते आधीच ठरवावे. ते चित्राच्या अगदी मध्यावर नसावे.

तीन थर

पहिला थर. मोठ्या कुंचल्याने फुलांचे झुबके वगळून बाकी कागद स्वच्छ पाण्याने ओला करावा. फुलांच्या जागा कोरड्या बेटांसारख्या राहतील. ओल्या भागात हिरवा, निळा, थोडा पिवळा असे अतिशय पातळ रंग सोडावेत आणि फळी हलवून त्यांना आपापसात मिसळू द्यावे. काही ठिकाणी पाणी मुद्दाम फुलाच्या कडेवरून आत ओढावे, म्हणजे रंग थोडा आत झिरपतो आणि तेथे कड हरवते. फुलांच्या सावलीच्या बाजूला पुष्कळ पाण्यातला निळसर करडा, पोटाशी पिवळ्याचा एक स्पर्श. उजेडाची बाजू अस्पर्श राहू द्यावी. आता कुंचला खाली ठेवून चहा करावा. कागद वाळला की नाही हे पाहण्यासाठी तळहाताची पाठ हलकेच टेकवावी. गार लागला तर तो आतून अजून ओला आहे. आमच्याकडच्या कोरड्या थंडीत हे लवकर होते. गोव्याच्या पावसाळ्यात चित्र काढणाऱ्यांनी अधिक धीर धरावा.

दुसरा थर. हा ह्या पद्धतीचा गाभा. जेथे पाने आहेत, तेथे आता पहिला फिका हिरवा वाळलेला आहे. त्यावर मध्यम हिरवा घ्यायचा, आणि तो पानांवर न देता पानांभोवती द्यायचा. दातेरी पानाची कड कुंचल्याच्या टोकाने बाहेरच्या बाजूने कोरायची आणि तो रंग लगेच स्वच्छ ओल्या कुंचल्याने दूर ओढून विरवायचा. पहिला फिका हिरवा आता उजेडातले पान झाला. फुलांच्या बाबतीतही तसेच: रंगाने भरलेला कुंचला पाकळीच्या कडेला टेकवायचा, चार-पाच पाकळ्यांची टोके कोरायची आणि रंग बाहेरच्या बाजूस नेऊन सोडून द्यायचा. ही कृती प्रथमच जमली, तेव्हा जेथे काहीच नव्हते तेथून पाकळी पुढे आली, आणि मी एकटीच हसले.

तिसरा थर. हा सर्वांत गडद आणि सर्वांत थोडा. दुसऱ्या थरातल्या हिरव्यात पुन्हा काही पाने राखून, त्यांच्या मागच्या फटींत निळा आणि बर्न्ट सायना ह्यांचा दाट गडद रंग भरायचा. आता तीन पदर झाले: उजेडातली पाने, त्यांच्या मागची पाने आणि झाडाच्या पोटातला अंधार. सर्वांत काळा तुकडा सर्वांत उजळ फुलाच्या शेजारी यावा. डोळा आपसूक तेथे जातो.

कुंडीसाठी बर्न्ट सायना, सावलीकडे त्यातच निळा. काठावर जेथे ऊन पडते तेथे कागदाची एक चिंचोळी पट्टी सोडावी. जुन्या मातीच्या कुंडीवर पाण्यातल्या क्षारांचे पांढरट डाग येतात. तेही सोडलेल्या कागदाने सहज येतात. कुंडीची सावलीकडची कड मागच्या अंधारात विरून जाऊ द्यावी. तेथे कुंडी आहे हे पाहणाऱ्याचे मन जाणते, तेव्हा ते सांगत बसण्याचे कारण नाही. काही कडा ठाशीव आणि काही हरवलेल्या असल्या, की चित्र श्वास घेते. ज्याला मोकळ्या हाताची शैली म्हणतात, ती बहुतेक ह्या हरवलेल्या कडांनीच येते. घाईने फटकारे मारून ती येत नाही.

चुका, आणि त्यांवरचे थोडे उपाय

अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याने भरलेला कुंचला पुन्हा घातला, तर पाणी आधीचा रंग ढकलीत जाते आणि फुलकोबीसारखा कडेदार डाग उठतो. उपाय एकच: कागद चकाकत असेल तोवर रंग मिसळावा, चकाकी गेली की हात आखडावा, पूर्ण वाळल्यावर पुन्हा घ्यावा. दुसरी चूक म्हणजे पार्श्वभूमी शेवटी लावणे. ती पडद्यासारखी वेगळी दिसते आणि फुले कात्रीने कापून चिकटविल्यासारखी वाटतात. ह्या पद्धतीत पार्श्वभूमी आणि फूल एकाच वेळी जन्मले पाहिजेत. तिसरी चूक प्रत्येक फुलाला सारखेच लाड करण्याची. एक फूल नीट सांगावे, दोन अर्धवट सांगावीत, बाकीच्यांच्या नुसत्या पांढऱ्या जागा ठेवाव्यात.

राखलेल्या जागेवर रंग सांडलाच, तर स्वच्छ ओल्या कुंचल्याने तो भिजवून कापडाने टिपून घ्यावा. काही रंग असे उचलले जातात. काही कागदात मुरतात आणि जात नाहीत. एखादा चमकता बिंदू पात्याच्या टोकाने खरवडून मिळविता येतो, पण अख्खे फूल तसे मिळत नाही. रबरासारखा वाळणारा द्रव आधी लावून जागा झाकण्याचीही सोय आहे. पण त्याने कडा फार करकरीत येतात, आणि तो फार दिवस कागदावर राहिला तर निघताना कागद घेऊन निघतो. शेवंतीसाठी मी तो वापरीत नाही. सोडायला शिकायचे, तर हाताला ती जोखीम ठाऊक असलेली बरी.

ही जोखीम हीच जलरंगातली खरी भीती. तैलरंगात आज चुकलेले उद्या झाकता येते. येथे गेलेला पांढरा परत येत नाही. त्यामुळे नवशिक्याचा हात एकतर थिजतो, नाहीतर भीतीपोटी सारा कागद भरून टाकतो. माझे सात कागद असे भरून गेले. पानांमध्ये एक पांढरी फट राहिली, की ती ‘राहून गेली’ असे वाटे आणि मी ती बुजवी. स्वयंपाकघरात, कपाटात, दिवसाच्या वेळापत्रकात रिकामे काही ठेवायचे नाही, ह्या सवयीत वाढलेल्या माणसाला कागदाचा तुकडा रिकामा ठेवणेही जड जाते.

मागच्या दारची कुंडी

आठवा कागद मी थोडा बेफिकिरीने घेतला. थंडी संपत आली होती, फुले कडेने तपकिरी होऊ लागली होती आणि आणखी आठवड्याभरात झाड छाटावेच लागणार होते. मोठ्या कुंचल्याने पहिला थर दिला, दुसऱ्यात पाने राखली, तिसऱ्यात फळीचा अंधार भरला. तीन फुलांच्या जागा जवळजवळ कोऱ्याच राहिल्या. आमच्या ह्या कुंडीचा काठ एका बाजूला फुटलेला आहे. तेथे ऊन पडते, म्हणून तो तिकोनी टवकाही मी कोराच ठेवला. दीड तासात मी थांबले. चित्र अपुरे वाटत होते, पण पुढे काय करावे ते सुचेना.

सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी काही न सांगता कागद त्यांच्यापुढे हातभर अंतरावर धरला. त्यांनी मान थोडी तिरपी केली. नजरेच्या मधोमध दिसत नसल्यामुळे त्या आता असेच कडेने पाहतात. मग बोट पुढे करून कुंडीच्या काठाशी नेले.

“ही मागच्या दारची. काठ फुटलेली,” त्या म्हणाल्या. “शेवंतीला अजून पाणी घालतेस ना? फुले आहेत तोवर घाल हो. मग काश्या काढू.”

चित्र कसे आहे, हे त्या काही बोलल्या नाहीत. कुंडी समोर असल्यासारखेच बोलत राहिल्या. ज्या जागी माझा कुंचला टेकलाही नव्हता, तेथेच त्यांना झाड भेटले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघींनी काश्या काढल्या. बुंध्याशी कोंब कोठे सुटतो, हे त्या बोटांनी चाचपून सांगत होत्या आणि मी सोडवीत होते. अकरा निघाल्या. त्यांतल्या नऊ जगल्या आणि रात्री मोठ्या होऊ लागल्यावर रीतीप्रमाणे कळ्यांवर आल्या. चार कुंड्या मी ओळखीच्या घरी दिल्या. फुटक्या काठाची घरीच ठेवली.

वाचकांपैकी कोणाच्या दारी सध्या पांढरे काही फुलले असेल, शेवंती, तगर, अनंत, मोगरा, नाहीतर साधी पांढरी सदाफुली, त्यांनी ती कुंडी एखाद्या गडद दारापुढे ओढून पाहावी. कागदाचे चार तुकडे करावेत, आणि चारही बिघडतील अशी तयारी ठेवावी. पाचव्यावर, ज्या फुलावर सर्वांत जास्त ऊन आहे, त्याला हात लावू नये.